पिचिंग वेजच्या खाली काय ठेवायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं वेजबद्दलची, म्हणजे गोल्फमधल्या जवळचे उंच फटके मारायच्या तिरक्या फेसच्या क्लबांबद्दलची निघाली आणि मला खरंच खूप बरं वाटलं. सगळ्यात लांब मारायचा ड्रायव्हर कुठला घेऊ हे विचारणारे नेहमीच असतात, पण शंभर यार्डांच्या आतल्या क्लबांबद्दल इतकं बारकाईने कुणी विचारलं की समजतं, हा माणूस स्कोअर कमी करायच्या मागे लागलाय. म्हणून या अंकातली सगळी जागा वेजलाच देतेय.

प्रश्न : नमस्कार ताई, माझा हँडिकॅप १८ आहे. गेल्या वर्षी नवीन आयर्न सेट घेतला, ५ पासून पिचिंग वेजपर्यंत. जुना ५६ अंशांचा सँड वेज तसाच ठेवला. पिचिंग वेज चांगला १२५ यार्ड जातो, सँड वेज ८० च्या आसपास. पण ९५, १००, १०५ राहिले की माझे हातपाय गळतात, पिचिंग हळू मारायला जातो तर कधी अलीकडे पडतो कधी थेट ग्रीनच्या पलीकडे. सगळे म्हणतात या दोघांच्या मधला, ५२ चा गॅप वेज घे. घेऊ का?

उत्तर : लगेच घेऊ नका. आधी तुमच्या पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे फेस किती अंश तिरका आहे, तो शोधून काढा, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या एका आकड्यात आहे आणि तो आकडा बहुतेक पिचिंग वेजवर छापलेलाच नसतो, नुसतं अक्षर असतं. कंपनीच्या माहितीत मॉडेलच्या नावाखाली सगळ्या क्लबांचे लॉफ्ट दिलेले असतात, तिथे बघा.

१२५ जातोय आणि सेट नवीन आहे, म्हणजे माझा अंदाज तो ४३ किंवा ४४ चा असेल. आता ५२ चा सल्ला कुठून येतो ते सांगते. पूर्वी पिचिंग वेज ४८ च्या आसपास असायचे, त्याहून जुने तर ५० चेही. सँड वेज ५६ चा. ४८ आणि ५६ च्या बरोबर मध्ये काय, तर ५२. हिशोब अगदी चोख होता आणि त्या पिढीच्या तोंडी तो बसला तो बसलाच. पण नंतर आयर्नची डोकी बदलली, वजन खाली आणि कडेला गेलं, बॉल आपोआप उंच उडायला लागला, तसे कंपन्यांनी लॉफ्ट कमी करत आणले, म्हणजे उंची तीच राहून लांबी वाढली. पिचिंग वेज ४८ वरून ४६, ४५, ४३ पर्यंत खाली उतरला, काही सेटमध्ये तर त्याच्याही खाली. सँड वेज मात्र होता तिथेच राहिला कारण त्याचं काम वाळूतलं, त्याला लांबीशी देणंघेणं नाही. एक टोक सरकलं, दुसरं जागेवर, त्यामुळे मध्ये खड्डा पडला. तुम्ही त्याच खड्ड्यात उभे आहात.

आता तुमच्या बॅगेत ५२ टाकून बघू. ४३ ते ५२ म्हणजे ९ अंश, ५२ ते ५६ म्हणजे ४ अंश. ५२ तुमच्या हातून ९५ च्या जवळपास जाईल असं धरा. म्हणजे ८० आणि ९५ ची सोय झाली, पण ९५ ते १२५ मध्ये तीस यार्डांचं भगदाड तसंच. पैसे गेले आणि १०५ आले की पुन्हा हातपाय गळणार, पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून खरेदीच्या आधी एक सकाळ मोजमापाला द्या. नऊ नंबर, पिचिंग आणि सँड, तिन्हीने प्रत्येकी बारा बॉल मारा, फुल पण आरामात, जोर न लावता. सगळ्यात लांब गेलेले दोन आणि सगळ्यात जवळ पडलेले दोन सोडून द्या, मधल्या आठांची सरासरी काढा. आणि मोजायची ती कॅरी, म्हणजे बॉल हवेतून जिथे जमिनीला टेकला तिथपर्यंत, घरंगळत कुठे थांबला ते नाही. बॉलचं अंतर मोजणारं यंत्र, लाँच मॉनिटर, मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर मोकळ्या मैदानात पावलं मोजलीत तरी चालतं, मी अजूनही कितीदा तसंच करते, नव्वद यार्डांवर एक टॉवेल, शंभरवर एक, एकशेदहावर एक, आणि सोबत्याला बाजूला उभं करून प्रत्येक बॉल कुठल्या टॉवेलच्या अलीकडे पडला ते वहीत लिहायला सांगायचं. बॉल मात्र तुमचे नेहमीचे घ्या. रेंजवरचे घासलेले बॉल बऱ्याचदा कमी जातात आणि त्या आकड्यांवर सेट बांधला की कोर्सवर प्रत्येक शॉट ग्रीनच्या मागे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका गृहस्थांची वही मला आठवतेय. त्यांनी मला ठामपणे सांगितलं होतं की पिचिंग १३५ जातो. मोजलं तर बारापैकी दोनच १३४ आणि १३५ गेले, बाकीचे ११८ ते १२४. त्या दोन बॉलवर ते तीन वर्षं खेळत होते आणि तीन वर्षं ग्रीनच्या पुढच्या वाळूच्या खड्ड्यात, बंकरमध्ये पडत होते. वही बघून बराच वेळ गप्प बसले. त्यात त्यांची काय चूक, आपला सगळ्यात छान शॉटच आपल्याला लक्षात राहतो, माझंही तेच होतं.

आकडे हातात आले की मग कुठला वेज ते सरळ दिसतं. तुमच्या बाबतीत, पिचिंग खरंच ४३ चा निघाला तर, मी ४८, ५३ आणि ५८ असे तीन सुचवेन. प्रत्येक ठिकाणी ५ अंशांचं अंतर, आणि तुमच्या स्विंगला ते साधारण १७ यार्डांचं पडेल. १२५, १०८, ९१, ७४ असं काहीतरी. नेमका ५३ नाही मिळाला तर ५२ किंवा ५४ घेऊन तो एक अंश वाकवून घेता येतो, तसं करून देणारे असतात, मऊ स्टीलच्या फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या क्लबला ते सहज जमतं, काही कास्ट, म्हणजे ओतीव क्लब मात्र वाकवायला गेलं तर तुटू शकतात, आधी विचारा. वाकवताना अजून एक लक्षात ठेवा, लॉफ्ट एक अंशाने कमी केला की बाउन्सही (तळाचा उतार, पुढे सांगितलाय) साधारण एक अंशाने कमी होतो आणि वाढवला की वाढतो.

आणि जुन्या ५६ वर जीव असेल, नवीन एकच घ्यायचा असेल, तर ४९ किंवा ५० घ्या, ५२ नको. ४३, ४९, ५६. अंतरं थोडी मोठी राहतील, १०३ च्या आसपास एक फुल शॉट मिळेल आणि मधलं ग्रिप खाली धरून भागवायचं. एक इंच खाली धरलं की साधारण पाचेक यार्ड कमी जातात. हातपाय गळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रश्न : ताई, मी ५८ वर्षांची आहे, खेळायला सुरुवात करून चार वर्षं झाली. माझा ड्रायव्हर १४० यार्ड जातो, सात नंबर ९०, पिचिंग ७०, सँड ४८. माझ्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे चार चार वेज आहेत. मलाही तेवढे लागतील का?

उत्तर : नाही लागणार, आणि तुम्ही इतके नेमके आकडे पाठवलेत त्याबद्दल खूप आभार, असं पत्र आलं की उत्तर द्यायला मजा येते.

दोन वेजमध्ये ४ ते ६ अंश ठेवा हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो पण तो मुळात वेगाने स्विंग करणाऱ्यांसाठीचा आहे. स्विंगचा वेग कमी असला की त्याच ५ अंशांचे यार्ड कमी पडतात. तुमच्या पिचिंग आणि सँडमध्ये बहुतेक ११-१२ अंश असतील आणि त्यात फरक आहे २२ यार्डांचा. तिथे ४८ आणि ५२ असे दोन घुसवलेत तर ७ - ७ यार्डांवर एकेक क्लब होईल, आणि खरं सांगायचं तर सात यार्डांचा फरक माझ्या हातूनही दर वेळी निघत नाही. ५० चा एक बस झाला. ७०, ५९, ४८. झकास.

तुमची खरी गॅप वरच्या बाजूला आहे आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. सात नंबर ९०, ड्रायव्हर १४०, मग मधल्या पन्नास यार्डांत काय आहे? सेटमधले पाच आणि सहा नंबर असतील, आणि ते तुमच्या हातून सात नंबरएवढेच जात असतील, कारण कमी लॉफ्टचा आयर्न उंच उचलायला वेग लागतो. ते दोन्ही बॅगेतून काढा आणि तिथे एखादा हायब्रिड, म्हणजे आयर्न आणि वुडच्या मधला क्लब, आणि सात किंवा नऊ नंबरचा मोठ्या डोक्याचा वुड आणा, तुमच्या स्कोअरला त्याचा उपयोग चौथ्या वेजच्या दहापट होईल. ग्रुपमधल्यांच्या बॅगेत काय आहे ते त्यांच्या स्विंगसाठी, तुमचं अंथरूण वेगळं.

प्रश्न : माझ्या ५६ वर ५६-०८ लिहिलंय, मित्राच्या ५६ वर ५६-१४. दोघांचा लॉफ्ट एकच, कंपनी एकच. पण मी त्याच्या वेजने कडक फेअरवेवरून मारलं की बॉलच्या पोटात लागून ग्रीन पार करून जातो आणि तो माझ्या वेजने बंकरमधून मारतो तेव्हा क्लब वाळूत रुतून बसतो. हा दुसरा आकडा कसला?

उत्तर : किती छान निरीक्षण आहे! पुस्तकं वाचून जे समजत नाही ते तुम्ही दोघांनी क्लब बदलून एका दिवसात शोधलंत. तो दुसरा आकडा बाउन्सचा.

हे हाताने करून बघा. दोन्ही वेज घरातल्या सपाट फरशीवर ठेवा, शाफ्ट अगदी सरळ उभा धरून, हात पुढे न झुकवता, आणि खाली वाकून बाजूने बघा. क्लबचा तळ, म्हणजे सोल, मागच्या बाजूला फरशीला टेकलेला दिसेल आणि पुढची धार, लीडिंग एज, जराशी वर तरंगत असेल. मित्राच्या वेजखाली तुम्ही कार्ड सरकवाल तर ते बरंच आत जाईल, तुमच्या वेजखाली लगेच अडेल. हा जो सोलचा उतार, पुढच्या धारेपासून खालच्या टोकापर्यंत, त्याचा कोन म्हणजे बाउन्स. तुमचा ८ अंश, त्याचा १४.

काम काय त्याचं? क्लब जमिनीत शिरायला लागला की हा मागचा फुगीर भाग आधी टेकतो आणि धारेला खोल जाऊ देत नाही, होडीच्या तळासारखा वर उचलतो. मऊ वाळू, ओली माती, दाट गवत, इथे हे हवंच. कडक जमिनीवर मात्र तोच भाग आपटून उसळतो, धार बॉलच्या मध्यावर येते आणि शॉट थिन जातो, म्हणजे उंच न उडता सपाट सुसाट सुटतो. तुमच्या दोघांचं नेमकं हेच झालं.

ही सगळी कल्पना आली बघा कुठून. १९३० च्या सुमारापर्यंत बंकरमधून मारायचे ते पातळ धारेच्या निब्लिक नावाच्या जुन्या क्लबने, तो क्लब वाळूत कुऱ्हाडीसारखा घुसायचा. जीन सॅराझेन हा त्या काळातला मोठा खेळाडू विमान चालवायला शिकत होता, आणि विमानाचं शेपूट खाली गेलं की नाक वर येतं हे बघून त्याला क्लबच्या तळाचं सुचलं, असं तो स्वतः सांगायचा. त्याने निब्लिकच्या सोलच्या मागच्या भागाला शिसं लावून तो जाड केला, घासत घासत आकार दिला, आणि १९३२ ची ओपन चॅम्पियनशिप प्रिन्सेसच्या कोर्सवर तोच वेज घेऊन जिंकला. आज आपण ज्याला सँड वेज म्हणतो तो त्या शिशाच्या थरातून आला. मला हे दर वेळी सांगावंसं वाटतं कारण त्याने लॉफ्ट नाही बदलला, तळ बदलला, आणि आजही वेज घेताना माणसं लॉफ्टवर तासभर चर्चा करतात आणि तळाकडे बघतही नाहीत.

तुम्हाला कुठला हवा हे दोन गोष्टींवरून ठरवा, तुमची जमीन आणि तुमचा स्विंग. साधारणपणे ४ ते ६ ला कमी बाउन्स म्हणतात, ७ ते १० मध्यम, त्याच्या वर जास्त. जमीन कडक, गवत आखूड, बंकरमधे वाळू पातळ, तर कमी. जमीन मऊ, वाळू भुसभुशीत आणि खोल, तर जास्त. स्विंगचं म्हणाल तर तुमच्या जुन्या वेजचा सोल उलटा करून खिडकीपाशी उजेडात धरा, खरडल्याच्या खुणा कुठे आहेत ते दिसेल. अगदी पुढच्या धारेजवळ दाट असतील आणि तुमचे डिव्हॉट, म्हणजे उखडलेले गवताचे तुकडे, खोल निघत असतील, तर तुम्ही वरून खाली उभा वार करता, तुम्हाला बाउन्स जास्त लागेल. खुणा मागे मधोमध असतील आणि गवत नुसतं झाडल्यासारखं होत असेल तर कमी बाउन्स पुरतो.

आणि छापलेला बाउन्स काही पक्का नाही हेही सांगून ठेवते. तुम्ही हात पुढे झुकवले, शाफ्ट बॉलच्या पुढे नेला, की तो कमी होतो. फेस उघडला की वाढतो. म्हणून १४ चा वेज कडक जमिनीवर फेस उघडून खेळणं म्हणजे संकट ओढवून घेणं. यावर उपाय म्हणून सोलच्या टाचेकडचा आणि मागचा भाग तासून काढतात, त्याला ग्राइंड म्हणतात, तसा वेज फेस उघडला तरी जमिनीला चिकटून बसतो. सोल किती रुंद आहे त्यानेही फरक पडतो, एकच आकडा असलेले दोन वेज रुंद आणि अरुंद सोलमुळे अगदी वेगळे वागतात.

तुम्हाला माझा सल्ला, दोघंही आपापला ५६ तसाच ठेवा आणि पुढचा वेज उलट्या स्वभावाचा घ्या. तुमच्याकडे ८ आहे, तर ६० किंवा ५८ घेताना १२ च्या वरचा घ्या आणि तो बंकरसाठी ठेवा. मित्राने ५८ ला ६ किंवा ८ चा घ्यावा, कडक जागांसाठी. बॅगेत दोन स्वभाव असले की कुठल्याही कोर्सवर जा, एकतरी वेज तिथला निघतो.

प्रश्न : ताई, मी १५ वर्षांचा आहे, हँडिकॅप ११. मला ६० चा लॉब वेज हवाय, व्हिडिओत सगळे त्याने उंच शॉट मारून बॉल जागेवर थांबवतात. बाबा म्हणतात आत्ता नको, तू चिप्स बिघडवशील. कोण बरोबर?

उत्तर : तुझे बाबा आज बरोबर आहेत, तू वर्षभराने बरोबर असशील.

६० च्या फेसवर बॉल नीट लागायला जागा फार कमी असते. जरा खालून गेलास की बॉल फेसच्या वरच्या कडेला लागून तिथल्या तिथे पडतो, जरा वर लागलास की थिन. जोरात मारलास तर बॉल फेसवरून वर सरकतो आणि कधी ७० जातो, कधी ५५, तुझा स्विंग तोच असतो पण आकडा तो नसतो. म्हणून ६० ने फुल शॉट मारायचाच नाही असं धरून चाल, तो ४० यार्डांच्या आतला क्लब आहे. उंच लिपचा बंकर, पिन अगदी कडेला आणि मध्ये बंकर, अशा जागी त्याच्यासारखं काही नाही. अमेरिकन खेळाडू टॉम काइटने १९८० च्या दशकात ६० चा वेज बॅगेत ठेवला तेव्हा व्यावसायिकांच्या टूरवरही ते नवीन होतं, आणि १९९२ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी पेबल बीचच्या सातव्या होलवर भयंकर वाऱ्यात त्याचा बॉल ग्रीनबाहेर गेला तेव्हा त्याने वेजने चिप करून थेट होलमध्ये घातला आणि स्पर्धा जिंकली. पण त्याने त्यासाठी किती हजार बॉल मारले असतील याचा विचार कर.

तू असं कर. तुझ्या ५४ किंवा ५६ ने तीन स्विंग पक्के कर, हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, आणि प्रत्येकाची कॅरी वहीत लिही. मग तेच पिचिंग आणि गॅप वेजने. तीन वेज आणि तीन स्विंग म्हणजे नऊ अंतरं, तीही एक नवीन क्लब न घेता. महिनाभर आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साठ बॉल. त्यानंतर ५६ चा फेस उघडून मारायला शिक, वाळूतून आणि गवतातून. तो यायला लागला की बाबांना वही दाखव आणि ५८ माग, ६० नाही. ५८ मध्ये उंचीही मिळते आणि चूक झाली तर थोडं सांभाळूनही घेतो. मला खात्री आहे ते हो म्हणतील.

प्रश्न : माझा सँड वेज आठ वर्षांचा आहे. हल्ली बॉल ग्रीनवर थांबतच नाही. ग्रूव्ह्ज झिजले म्हणायचे का? धार लावून मिळते असं ऐकलं.

उत्तर : आठ वर्षं आणि त्यात बंकरची प्रॅक्टिस म्हणजे झिजले असणारच, वाळू म्हणजे पॉलिश पेपरच की. ग्रूव्हच्या कडेवरून नख फिरवा, फेसच्या टोकाकडच्या भागात जिथे कधी बॉल लागत नाही तिथे आणि मधोमध, दोन्हीकडे. मधे नख अडत नसेल तर उत्तर मिळालं.

पण त्याआधी बॉल बघा. कडक कव्हरचा दोन पीसचा बॉल वापरत असाल तर नवा वेजही तो थांबवणार नाही, मऊ, युरेथेन कव्हरचा एक डझन घेऊन महिनाभर खेळून बघा. सुक्या, आखूड गवतावर झिजलेला वेजही बऱ्यापैकी स्पिन देतो, खरा फरक कळतो ओल्या गवतात आणि रफमध्ये, कारण ग्रूव्हचं मुख्य काम पाणी आणि गवत बाजूला सारणं हे आहे, टायरच्या नक्षीसारखं. ओल्यात तुमचा बॉल नेहमीपेक्षा उंच उडून पुढे पळत असेल तर वेज बदला. आणि दर शॉटनंतर ब्रश मारा, मातीने भरलेला नवा ग्रूव्ह आणि झिजलेला जुना यांच्यात काही फरक नाही.

धार लावू नका. २०१० पासून नवीन बनणाऱ्या क्लबांच्या ग्रूव्हची खोली, आकार आणि कडांचा टोकदारपणा यांवर नियमाने मर्यादा आल्या आहेत, हाताने कोरलेला ग्रूव्ह त्यात बसेल याची काही हमी नाही आणि स्पर्धेत तो क्लब बाद होऊ शकतो.

प्रश्न : गॅप वेज आयर्नच्या सेटमधलाच घ्यावा की वेगळा, ब्लेडसारखा? आणि नवीन दोन वेज आले की माझ्याकडे १५ क्लब होतात, चालतं का?

उत्तर : पहिल्याचं उत्तर, ज्या वेजने तुम्ही जास्त करून फुल स्विंग मारता तो सेटमधला घ्या. मागे खोलगट असलेलं डोकं, तोच शाफ्ट, तीच भावना, बॉल थोडा कडेला लागला तरी अंतर फार हलत नाही. ४८ ते ५० पर्यंत हे धरून चाला. त्याच्या पुढचे, ५४ आणि त्याहून जास्त लॉफ्टचे, वेगळे घ्या कारण तिथे फेस उघडायचा असतो, तळाचा आकार निवडायचा असतो. सेटमधल्या गॅप वेजवर कुणी ए लिहितं, कुणी जी, कुणी यू, अक्षरावर जाऊ नका, लॉफ्ट विचारा. शाफ्ट तुमच्या आयर्नसारखाच किंवा किंचित जड असावा. ग्रॅफाइटच्या हलक्या आयर्नबरोबर एकदम भारी स्टीलचा वेज घेतला तर हाताला दर वेळी नवीन क्लब वाटतो.

दुसऱ्याचं, नाही चालत. १४ च. १९३८-३९ पासून हा नियम आहे. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, ज्या ज्या होलवर जास्तीचा क्लब बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन पेनल्टी स्ट्रोक, राउंडला जास्तीत जास्त चार, तो क्लब वापरला नसला तरी. वेल्सचा खेळाडू इयान वूसनम २००१ च्या ओपनमध्ये रॉयल लिदमला शेवटच्या दिवशी पहिल्याच होलवर बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, मारून आघाडीच्या बरोबरीला आला होता आणि दुसऱ्या टीवर कळलं की सरावाचा दुसरा ड्रायव्हर बॅगेतच राहिलाय. दोन स्ट्रोक गेले, शेवटी तिसऱ्या जागेच्या बरोबरीत राहिला.

तुम्ही काय काढायचं म्हणाल तर लांबचा आयर्न काढा, जो महिन्यातून एकदा बाहेर येतो तो. आणि नवीन वेज आणले त्या आठवड्यात पहिल्या टीवर जायच्या आधी बॅगेतले क्लब एकेक बोट लावून मोजा, कारण नवा आत जातो तेव्हा जुना बाहेर काढायचा हमखास राहून जातो.